इंग्लिश कॉन्ट्रॅक्ट लॉ: आपलाच वाटतो, तिथेच पाय घसरतो

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कारखान्यात लीगल सांभाळणारे एक वकीलमित्र विचारतात: बर्मिंगहॅमजवळच्या नव्या गिऱ्हाइकाकडून सप्लाय अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आला आहे, सोबत पहिली पर्चेस ऑर्डर आणि तिची सही करून परत पाठवायची कॉपी. करार इंग्लंड अँड वेल्सच्या कायद्याखाली, लवाद लंडनला. आपला १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट इंग्रजांनीच केलेला, त्यामुळे बहुतेक सगळं सारखंच असणार. मग जे थोडं वेगळं आहे त्यासाठी काय वाचू? आणि आमच्या जर्मन सिस्टर कंपनीचा वकील या मसुद्याला एवढा का घाबरतोय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. जर्मन वकिलाला हा कायदा सगळाच परका. त्याच्याकडे दिवाणी संहिता आहे, सचोटीने वागायचं बंधन त्या संहितेतच लिहिलेलं आहे आणि कन्सिडरेशन (वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, ज्याशिवाय करार बंधनकारक होत नाही) नावाची भानगड तिथे नाहीच. म्हणून तो प्रत्येक क्लॉजवर थांबतो आणि ‘याचा अर्थ काय?’ असं विचारतो. आपण थांबत नाही. करार मोडल्यावर कोणतं नुकसान मागता येतं हे ठरवणारा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल आपल्याला पाठ असतो, कार्बोलिक स्मोक बॉलवर पहिल्या वर्षाला दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘नवीन काय आहे?’ हा प्रश्न तुमच्या फारसा कामाचा नाही. जे जुनं, ओळखीचं दिसतंय त्यात नेमकं काय वेगळं आहे, ही खरी अडचण.

आपल्या अ‍ॅक्टला मी कलमी झाड म्हणतो, कलम या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. फांदी इंग्लंडची, पण बांधणाऱ्यांनी ती जशीच्या तशी बांधली नाही. तिकडचे काही जुने, जाचक नियम त्यांनी तेव्हाच छाटून टाकले. आणि मूळ झाड पुढची दीडशे वर्षं तिकडे आपल्या मर्जीने वाढत राहिलं. तिकडे करारांची संहिता आजही नाही. काही विषयांवर सुटे कायदे आहेत आणि बाकी सगळे निवाडे. आपल्याला आधी कलम उघडायची सवय. तिथे उघडायला कलमच नसतं, तेव्हा आपण नकळत आपलंच कलम तिकडे लावून मोकळे होतो.

मी स्वतः असाच तोंडावर आपटलो, ते सांगतो. पिंपरीतल्या एका अशिलाने इंग्लंडमधल्या एका डिझाइन फर्मकडून टूलिंगचं काम करून घेतलं होतं. बिल ४२ हजार पौंडांचं, त्याबद्दल काहीही वाद नाही, फक्त पैशांची ओढाताण. फर्मने मेल केला की शुक्रवारपर्यंत ३० हजार आले तर बाकीचं सोडून देऊ. आम्ही गुरुवारीच पाठवले. पाच महिन्यांनी फर्मचा कारभार नव्या लोकांकडे गेला आणि उरलेल्या १२ हजारांची मागणी आली, व्याजासकट. मी ऐटीत आपल्या कायद्यातल्या कलम ६३ चं उत्तर ठोकलं. त्या कलमाखालचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल: अ कडून ब ला ५,००० रुपये येणं आहे, ब ने पूर्ण फेड म्हणून २,००० घेतले, की सगळं कर्ज संपलं. त्यांच्या सॉलिसिटरचं उत्तर दोन ओळींचं आणि अतिशय सभ्य होतं. एका ओळीत आमच्याच कराराचा गव्हर्निंग लॉ क्लॉज, म्हणजे इंग्लिश कायदा लागेल हे सांगणारी अट, दुसऱ्या ओळीत फोक्स विरुद्ध बिअर, १८८४.

तो निवाडा एकदा मुळातून वाचा. डॉक्टर फोक्स यांच्यावर मिसेस बिअर यांच्या सुमारे २,०९० पौंडांचा हुकूमनामा होता. हप्त्याने पूर्ण रक्कम दे, मी पुढे काही कारवाई करणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. डॉक्टरांनी पै न् पै फेडली. मग बाईंनी व्याज मागितलं आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते देवविलं. कारण असं की, जे देणं लागतोच ते किंवा त्याहून कमी देणं म्हणजे नव्या वचनाचं कन्सिडरेशन नव्हे. नियमाचं मूळ १६०२ च्या पिनेलच्या खटल्यात आहे. तिथेच त्याची गमतीशीर पळवाटही आहे: रोख रकमेच्या ऐवजी धनकोने घोडा, बहिरी ससाणा किंवा एखादा झगा घेतला तर देणं फिटतं, कारण त्याची किंमत करणं हे कोर्टाचं काम नाही. आमच्या अशिलाने ३० हजारांसोबत चितळ्यांच्या बाकरवडीचं एक पाकीट, पूर्ण फेडीचा भाग म्हणून लिखित ठरवून पाठवलं असतं, तर माझी बाजू जास्त भक्कम झाली असती. हे मी विनोदाने म्हणत नाही.

आम्ही एस्टॉपेलचा मुद्दा लावला. १९४७ च्या हाय ट्रीज खटल्यापासून तो उपलब्ध आहे: दिलेल्या शब्दावर समोरचा विसंबला, तर शब्द फिरवणं अन्यायाचं ठरत असेल तिथे कोर्ट फिरवू देत नाही. पण तो हक्क कायमचा संपवतो की तात्पुरता झोपवतो, यावर वाद चालूच आहे. शेवटी ७ हजारांवर तडजोड झाली आणि त्यातले काही मी माझ्या फीमधून सोडले.

यावर उपाय सोपा आहे: अशी सूट डीड करून घ्या. इथेही एक सापळा आहे. आपण पार्टनरशिप डीड, सेल डीड असं कशालाही डीड म्हणतो. तिकडे डीड हा वेगळा प्राणी आहे. हा दस्त डीड म्हणून केला आहे हे त्यातच स्पष्ट हवं, व्यक्तीची सही असेल तर साक्षीदारासमोर हवी, आणि परदेशी कंपनीने सही कशी करायची याचे नियम निराळे. पण एकदा डीड झालं की कन्सिडरेशन लागत नाही, आणि दाव्याची मुदत १२ वर्षं मिळते. साध्या कराराला ६. आपल्याकडे ३ वर्षं धरून चालायची सवय असल्यामुळे, जुनी फाइल बंद करून रद्दीत घालणारे कारखाने मी पाहिले आहेत. तुमच्या ॲडमिनला हे आजच सांगा.

याला जोडून: मसुद्यात ‘लेखी आणि सही केल्याशिवाय बदल होणार नाही’ असा क्लॉज असणार. त्याला आपण छापील मजकूर समजून पुढे जातो. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रॉक अ‍ॅडव्हर्टायझिंग खटल्यात तो शब्दशः लागू केला; भाडं थकलेल्या भाडेकरूला फोनवर मिळालेली हप्त्यांची सवलत त्यापुढे टिकली नाही. तुमच्या सेल्सच्या माणसाने बर्मिंगहॅमच्या बायरशी फोनवर ठरवलेली दरवाढ, स्टीलचे भाव कितीही चढलेले असोत, त्या क्लॉजखाली शून्य आहे.

आता दंडाकडे. तुमच्या मसुद्यात उशिराबद्दल आठवड्याला काही टक्के, किंवा त्यांची लाइन थांबली तर तासाला ठराविक पौंड, असं काहीतरी असेलच. कलम ७४ वर वाढलेला वकील म्हणतो, लिहू दे. लिहिलेला आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाईच, आणि नुकसान झालंच नसेल तर काहीच नाही, असं सांगणारा २०१५ चा कैलाशनाथ निवाडा आहे. भारतात हे बरोबर. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी बरोबर उलट्या दिशेने गाडी गेली. मकदेसी आणि पार्किंगआय हे दोन खटले तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकत्र निकाली काढले. दुसऱ्यातला विषय तर अगदी क्षुल्लक: चेम्सफर्डच्या एका दुकान-संकुलाचा वाहनतळ, दोन तास फुकट, एक गाडी तासाभराने उशिरा निघाली आणि ८५ पौंडांचं बिल आलं. पार्किंगवाल्याचं नुकसान काहीच नव्हतं. तरी ८५ पौंड द्यावे लागले. कोर्टाने पाहिलं ते एवढंच की ही अट घालण्यात समोरच्याचा काही रास्त हितसंबंध आहे का, आणि असेल तर रक्कम त्याच्याशी अगदीच विसंगत आहे का.

याचा परिणाम असा की तिकडे निकाल हा सगळा किंवा काहीच नाही, असा असतो. क्लॉज टिकला तर पूर्ण रक्कम, नुकसान सिद्ध करायची गरज नाही. तो पेनल्टी ठरला तर कोलमडतो आणि मग प्रत्यक्ष नुकसानच मागता येतं. मधला, कोर्ट रक्कम घासून वाजवी करेल तो रस्ता नाही. आणि दोन व्यापारी, दोघांचे वकील, अशा करारात क्लॉज कोलमडण्याची शक्यता धरून मी कधीच सल्ला देत नाही. त्यामुळे भांडायचं असेल तर आत्ता, आकड्यावर भांडा. एकूण कमाल मर्यादा मागा, आणि ही रक्कम मिळाली की उशिराबद्दल दुसरं काही मागता येणार नाही हे वाक्य घाला. नंतर डेबिट नोट आली की कलम ७४ आठवून उपयोग नाही.

आता ज्या शब्दांवर वेळीच थांबल्यामुळे सगळ्यात जास्त पैसे वाचले ते: ‘इनडायरेक्ट अँड कॉन्सिक्वेन्शियल लॉस वगळला आहे’. हे वाचून आपला माणूस खूश होतो, की त्यांच्या बुडालेल्या नफ्याची जबाबदारी गेली. गेलेली नाही. इंग्लिश कोर्टांनी वर्षानुवर्षं, ठळकपणे १९७८ च्या क्राउडेस खटल्यात, या शब्दांचा अर्थ हॅडलीच्या दुसऱ्या भागातलं नुकसान असा घेतला: म्हणजे खास परिस्थितीमुळे, जी आधी सांगितली होती, झालेलं. तुमचा ब्रॅकेट सदोष निघाला आणि त्यांची असेंब्ली लाइन थांबली, तर बुडालेला नफा हे सरळसरळ डायरेक्ट नुकसान ठरू शकतं, आणि तो तुमच्या वगळण्याच्या बाहेर राहतो. अलीकडे काही न्यायाधीशांनी या जुन्या अर्थावर शंका घेतली आहे, पण शंकेवर कंपनी चालत नाही. नफ्याचं नुकसान, लाइन बंद पडणं, रिकॉलचा खर्च, ही सगळी नावं घेऊन, डायरेक्ट असो वा इनडायरेक्ट, असं स्वतंत्र लिहा.

लिहिलेल्यावर एवढा भर का, तर तिकडचं कोर्ट खरोखर लिहिलेलंच वाचतं. २०१५ चा अर्नोल्ड विरुद्ध ब्रिटन. वेल्सच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी बांधलेल्या छोट्या घरांच्या ९९ वर्षांच्या लीज. काही लीजमध्ये देखभालीचा वार्षिक खर्च ९० पौंड आणि दर वर्षी चक्रवाढीने १० टक्के वाढ असं लिहून बसलेले. या हिशेबाने २०७२ साली एका घराचा वर्षाचा देखभाल खर्च साडेपाच लाख पौंडांच्या वर जातो. भाडेकरू म्हणाले, हा आकडा ही कमाल मर्यादा असणार, कोणी शहाणा माणूस असं लिहील का? सुप्रीम कोर्ट म्हणालं, लिहिलंय ना. सौदा वाईट निघाला म्हणून आम्ही शब्द बदलणार नाही. भाववाढीचा, डिस्काउंटचा कुठलाही फॉर्म्युला असला की मी तो एक्सेलमध्ये टाकून शेवटच्या वर्षापर्यंत ओढून बघतो. ती सवय या निवाड्याने लावली.

आणि वाटाघाटीचे मेल जपून ठेवलेत ना, असं विचारून धीर धरू नका. कराराचा अर्थ लावताना त्या वाटाघाटीत कोण काय म्हणालं हे तिकडे पुराव्यात घेत नाहीत. २००९ च्या चार्टब्रुक खटल्यात हा नियम बदला म्हणून आग्रह झाला, लॉर्ड्सनी बदलला नाही. चूक दुरुस्त करून मागण्याच्या दाव्यात ते मेल उपयोगी पडतात, पण तो वेगळा आणि कठीण रस्ता. तुमच्या जर्मन सहकाऱ्याची बेचैनी इथे आणखी वाढते, कारण वाटाघाटीत सचोटीने वागण्याचं सर्वसाधारण बंधनही तिकडे नाही. १९९२ च्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्समध्ये तसा करार केला तरी तो बंधनकारक नाही असं ठरलं. त्यामुळे ‘दर पुढील वर्षी परस्परसंमतीने ठरवू’ असं वाक्य तुमच्या मसुद्यात असेल, तर ते मला आवडणार नाही. ठरलं नाही तर काय, हे त्याच वाक्यात हवं: इंडेक्स, किंवा एखादा तज्ज्ञ, किंवा बाहेर पडायचा हक्क.

नोटिसीच्या मुदतीही तशाच. ‘घटनेपासून १४ दिवसांत लेखी कळवलं नाही तर दावा संपला’ असं असेल, तर आपण कलम २८ च्या १९९७ च्या दुरुस्तीवर विसंबतो, की हक्क संपवणारी अट निरर्थक. तिकडे अशी दुरुस्ती नाही. दोन व्यापाऱ्यांमध्ये १४ दिवस म्हणजे १४ दिवस.

अन्यायकारक अटींविरुद्ध तिथे १९७७ चा कायदा आहे, हे कोणीतरी तुम्हाला सांगेलच. अर्धवट माहिती आहे ती. त्याचं कलम २६ आंतरराष्ट्रीय पुरवठ्याचे करार बाहेर काढतं. कलम २७ म्हणतं की इंग्लिश कायदा निव्वळ पक्षांनी निवडला म्हणून लागत असेल, तर त्यातली मुख्य बंधनं लागू नाहीत. एका भारतीय कुरियर कंपनीला, फर्स्ट फ्लाइटला, २००९ मध्ये हे महागात पडलं. आयरिश मालकाकडून विमानं भाड्याने घेतली होती, आणि चुकीची माहिती देऊन आम्हाला करारात ओढलं हा बचाव वगळणारा क्लॉज वाजवी आहे का, हे तपासायलाच अपील कोर्टाने नकार दिला. पण इथे तुम्ही पुरवठादार आहात. हीच ढाल तुमच्या बाजूने आहे: तुमच्या जबाबदारीची कमाल मर्यादा तुम्ही घालून घेतलीत, तर ती वाजवी नाही म्हणून ते तक्रार करू शकणार नाहीत. फार कमी निर्यातदार ही मागतात.

बाकीचं पटकन. तिसऱ्याकडून आलेलं कन्सिडरेशन आपल्याकडे कलम २(ड) मुळे चालतं, १८८२ चा मद्रासचा चिन्नया खटला आपण सगळेच शिकलो. तिकडे ते वचन मिळालेल्यानेच द्यावं लागतं. पण १९९९ च्या कायद्याने तिसऱ्याला करार बजावून घ्यायचा वेगळा हक्क दिला आहे, म्हणून बहुतेक मसुद्यांत तो वगळणारी एक ओळ असते. ती राहू द्या. नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याची अट आपल्याकडे कलम २७ खाली मेलेली, तिकडे वाजवी असेल तर जिवंत. फोर्स माजूर, म्हणजे हाताबाहेरच्या संकटामुळे मिळणारी सुटका, हा तिकडे कायद्याचा सिद्धांत नाही, लिहाल तेवढाच मिळतो. आणि स्टँप पेपरवर करा असा आग्रह त्यांच्याकडे धरू नका. साध्या पुरवठा कराराला तिकडे स्टँप लागत नाही. असला प्रश्न आलाच तर तो तुमच्या भारतातल्या प्रतीचा आहे.

इंग्लिश सॉलिसिटर घ्यायचा का? ते करार केवढा आहे यावर अवलंबून आहे. वर्षाला वीस-पंचवीस लाखांचा माल असेल तर त्यांची तासाची फी परवडणार नाही. वरचे मुद्दे तुम्ही स्वतः घासून घ्या. कोटींचा असेल, किंवा टूलिंगचे पैसे तुम्ही गुंतवणार असाल, तर फक्त जबाबदारी, दंड आणि करार संपवण्याचे क्लॉज त्यांना दाखवा, सगळा मसुदा नको. कायदा बदलून मागायचा तर सौद्यात तुमचं वजन किती, तेही तुम्हालाच ठाऊक. निकाल लंडनला लागला तरी वसुली चाकणपर्यंत येते, एवढं धरून चाला. लवादाचा निवाडा परदेशी लवाद-निवाडे मान्य करणाऱ्या न्यूयॉर्क करारामुळे येतो, आणि उद्या लवादाऐवजी कोर्ट लिहिलंत तर इंग्लंडच्या वरिष्ठ कोर्टांचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली इथे थेट बजावता येतो.

राहिली ती सही करून परत पाठवायची कॉपी. तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलात, मला मात्र ती सगळ्यात आधी दिसली. १९६९ साली बटलर नावाच्या कंपनीने एक मशीन ७५,५३५ पौंडांना विकायला काढलं. कोटेशनच्या मागे त्यांच्या अटी होत्या, त्यात भाववाढीचा क्लॉज. गिऱ्हाइकाने आपल्या अटींवर ऑर्डर दिली, भाववाढ नाही, आणि खाली फाडून पाठवायची एक स्लिप: ‘आम्ही तुमची ऑर्डर त्यातल्या अटींवर स्वीकारतो’. बटलरच्या कोणीतरी ती सही करून पाठवली. सोबतच्या पत्रात ‘आमच्या कोटेशननुसार’ असं लिहिलं होतं, तरी अपील कोर्टाने ते फक्त मशीन आणि किंमत ओळखण्यापुरतं धरलं. पुढे मागितलेले २,८९२ पौंड त्या स्लिपमुळे बुडाले. आणि सही न करता नुसता माल पाठवलात, तर तोही शेवटच्या कागदावरच्या अटींचा स्वीकार ठरू शकतो.

तेव्हा मसुद्याचं नंतर बघू. आधी डिस्पॅचला आणि सेल्सला विचारा की ती कॉपी गेली का. गेली नसेल तर थांबवा. गेली असेल तर कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने आणि सोबत कुठलं पत्र होतं, ते कळवा.